सोडायचं राहिलेलं मचाण

माझे वडील फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होते. गिरगावच्या आमच्या चाळीत बंदूक असलेलं घर आमचं एकट्याचंच. थंडीत ते जंगलखात्याचा परवाना काढून शहापूरच्या पुढच्या सरकारी जंगलात शिकारीला जात. तिथले त्यांचे नियम आम्हा घरच्यांनाही तोंडपाठ झाले होते. जंगल सरकारचं, त्यामुळे मचाण कोणाच्या मालकीचं नाही. आधी येईल तो बसेल. बुंध्याला पंचा बांधलेला दिसला तर वर माणूस आहे असं समजायचं आणि हाक न मारता मागे फिरायचं. बंदूक रिकामी करून खाली ठेवायची, आपण चढून बसलं की मग दोरीने वर ओढायची. आणि निघताना बांधलेल्या मचाणाचे दोर सोडून टाकायचे. "पावसाळ्यात दोर कुजतात," ते म्हणत, "आणि खालून बघणाऱ्याला ते कळत नाही."

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती त्या हिवाळ्यात ते जंगलात असतानाच मुंबईत गोळीबार झाल्याची बातमी तिथे पोचली. गिरगावातही माणसं पडली असं कोणीतरी सांगितलं. माझा थोरला भाऊ रोज मोर्चात जात होता. वडील मचाणावरून तसेच खाली उतरले आणि मिळेल त्या ट्रकने, मग पायी, घरी आले. भाऊ सुखरूप होता. त्याला समोर बघून ते उंबऱ्यातच खाली बसले. मचाण तिकडे बांधलेलंच राहिलं.

पुढच्या थंडीत ते परत गेले आणि दुसऱ्याच दिवशी घरी आले. ज्यांच्याकडे उतरत त्या गावकऱ्याने त्यांना सांगितलं होतं की दिवाळीनंतर परळचा एक गिरणी कामगार मित्रांबरोबर आला होता. तयार मचाण दिसलं म्हणून तो चढला, आणि दोर तुटून खाली आला. गाडीरस्त्यापर्यंत नेईतो तो गेला. ते मचाण वडिलांनीच बांधलेलं होतं.

पत्ता शोधायला त्यांना बरेच दिवस लागले. त्या मुलाची आई विधवा होती. तिच्याकडे एकट्याने कसं जायचं म्हणून ते मला घेऊन गेले. मी तेव्हा कॉलेजात होते. आईने बरोबर एक नारळ दिला होता, तो काढून द्यायचं धैर्य मला झालं नाही.

खोलीत ती एकटी होती. आम्ही संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसं आहोत असं तिला वाटलं. तेव्हा गोळीबारात गेलेल्यांच्या घरी तशी माणसं येत असत. आमच्यासाठी चटई टाकता टाकताच ती म्हणाली, "माझो झील गोळयेन नाय गेलो. लोकांच्या झिलांच्या फोटोंका हार घालतत. माझो झाडावरसून पडान गेलो. कोणाक काय सांगू मी?"

वडिलांनी तिला सगळं सांगितलं. मचाण म्हणजे काय तेही सांगावं लागलं, कारण मुलगा झाडावर कशाला चढला हेच तिला अजून उमगलेलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "ते मचाण मी बांधलं होतं. निघताना दोर सोडायला हवे होते, ते मी केलं नाही."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिने विचारलं, "बांधलेला तेवा घट बांधलेलास?"

"हो."

"मगे तो त्येच्यावर इस्वास ठेवनच चढलो असतलो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने रागवावं म्हणून वडील वाट बघत असावेत असं मला वाटलं. थोड्या वेळाने तिने आम्हाला पाणी दिलं आणि चुलीकडे वळली. आम्ही उठलो.

वडिलांनी बंदूक परवान्यासकट जमा करून टाकली. जंगलात मात्र ते पुढेही दर थंडीत जात राहिले, कोयता घेऊन. लोकांनी बांधून तशीच ठेवलेली मचाणं शोधायची आणि दोर कापून खाली पाडायची. आई म्हणे, आता पुरे झालं. ते हो म्हणत आणि पुन्हा जात.

परळला जायचं त्यांच्या मनात अनेकदा येई. निघत आणि वाटेतून परत येत. महाराष्ट्र राज्य झालं त्या संध्याकाळी चाळीचाळींवर दिवे लागले होते, गुलाल उधळला जात होता. त्या दिवशी मात्र ते मला घेऊन थेट तिच्या दारापर्यंत गेले. दार एका अनोळखी तरुण बाईने उघडलं. आधीची म्हातारी खोली सोडून गावी गेली, असं ती म्हणाली. कुठलं गाव, तिला माहीत नव्हतं. शेजाऱ्यांनाही नीट सांगता येईना. कोणी देवगड म्हणालं, कोणी मालवण.

तरुण बाईने सहज विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?"

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. खाली लेझीम चालू होती. मीच म्हणाले, "ओळखीचे," आणि त्यांचा हात धरून जिना उतरू लागले.