आई आली, गाडी नाही!

मंडळी, आज उज्जैन स्टेशनवर माझ्यामुळे अख्खा प्लॅटफॉर्म उठून उभा राहिला!

पुण्याहून आई येणार होती. गाडी आली, सगळे उतरले, पण आईचा पत्ता नाही. फोनही उचलेना. माझा जीव टांगणीला!

तेवढ्यात ती पुलावर दिसली, भलतीकडेच निघालेली. मी जोरात ओरडले, "आई! आई!"

इंदूरच्या गाडीची वाट बघणाऱ्यांनी सामानच उचललं. हिंदीत 'आई' म्हणजे 'आली' ना! एक काका धावत म्हणाले, "किधर आई, बेटा?"

मी पुलाकडे बोट दाखवलं. "वो रही, नीली साड़ी में!"

सगळे हसत सुटले. आई खाली उतरून म्हणाली, "अगं, एवढी माणसं माझ्यासाठी उभी?"

मी "हो" म्हटलं. तुम्ही काय म्हणाला असता?