बांधावरचा वैमानिक
नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्राच्या धुराड्यांवरचे लाल दिवे लागले, की मला मामीचं पारशिवनीजवळचं शेत आठवतं. तिथे एक शिकाऊ विमान कोसळलं होतं. त्यात गेलेला तरणा वैमानिक बांधावर दिसतो, नागपूरची वाट विचारतो, असं गावभर झालं आणि दिवेलागणीला तिकडे कोणी फिरकेना. त्या हिवाळ्यात मामी मला घेऊन तुरीच्या शेंगा तोडायला गेली. बोटांना शेंगांचा हिरवा, चिकट वास लागला होता. अंधारून आलं, तशी ती रिकाम्या बांधाकडे वळली आणि दूरच्या लाल दिव्यांकडे हात करून म्हणाली, "तिकडं जाय, बाबू. तुही माय वाट पाहून राहिली असन." मी विचारलं, "मामी, तुले भेव नाही लागत?" "वाट चुकलेल्या लेकराले काहून भ्यायचं वं?" आता माझी मुलगी विमान चालवते. ती उतरल्याचा फोन येईपर्यंत मी गच्चीवर त्याच दिव्यांकडे हात करून उभी असते.