सपरी आणि बेडरूम

सिंदेवाहीच्या आमच्या आशाकाकूचं तोंड कधी बंद नसायचं. पण तिच्या लेकानं, आदेशनं, घराचा नवा नकाशा अंगणात चुन्यानं आखला अन् ती गप्पच झाली. समोरची मोकळी सपरी, म्हणजे ओसरी, जाऊन तिथं दोन बेडरूम येणार होत्या.

शेवटी म्हणाली, "दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेले पाव्हणे येतात. रातभर नाटक पाहून झोपतीन कुठी?"

"लॉजवर."

काकू भडकली. "तुई बायको मंडईचीच पाव्हणी होती! याच सपरीत तिले सकाळचा चहा तूच नेला होता. लॉजवर झोपली असती तं?"

सून नीलिमा हसत उठली अन् चुन्याची रेघ पायानं पुसू लागली. आदेशनं नव्या रेघा मारून बेडरूम मागं सरकवल्या.

"अन् मोरी कुठी काढली रे?" काकू कडाडली. आम्हा सगळ्यांना हायसं वाटलं.