ट्यूब गाईची, टाच भावाची

मी नगरच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि तिकडे तिसगावजवळ माझा धाकटा भाऊ गाईची ट्यूब स्वतःच्या टाचेला लावायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गाईला दगडी झाली, कास सुजून घट्ट झाली, की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. तिच्यात उरलेलं औषध फेकायचं नाही, ही आमच्या गोठ्याची रीत. ते टाचेच्या भेगांना, काटा रुतला तिथे, खरचटलं तिथे. जरा सुकलं की बंद. मी चिडले तर वर हसायचा. "आक्का, गाय बरी व्हती की ह्यानं. मी काय गाईपरीस नाजूक हाय?"

या उन्हाळ्यात टाचेची सूज पोटरीपर्यंत चढली. नगरच्या दवाखान्यात आणला तोवर जंतू रक्तात गेले होते. रिपोर्टात पेनिसिलिनच्या जातीच्या सगळ्या औषधांपुढे एकच शब्द होता, 'रेझिस्टंट', म्हणजे हे जंतू त्यांना जुमानत नाहीत.

इंजेक्शनांनी गुण का येत नाही, असं त्यानेच विचारलं, म्हणून सांगितलं. जंतूची भिंत साखरेच्या साखळ्यांची. साखळ्यांना अमिनो आम्लांच्या शेपट्या. एक एन्झाइम शेपटी धरतं, टोकाचं अ‍ॅलानिन तोडतं, उरलेली शेपटी क्षणभर स्वतःला चिकटवून घेतं आणि शेजारच्या शेपटीला जोडून देतं. पेनिसिलिन त्या टोकासारखंच दिसतं. एन्झाइम फसून त्यालाच धरतं, औषधाच्या रेणूतलं कडं उघडतं आणि ते एन्झाइमला असं चिकटतं की सुटत नाही. भिंत अर्धवट राहून जंतू फुटतो. पण टाचेवरच्या अर्धवट औषधाला पुरून उरलेल्या याच्या जंतूंकडे दुसरंच एन्झाइम होतं. त्याच्या खाचेत औषध सहसा शिरत नाही, भिंत मात्र ते बांधतंच.

त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"तुला समदं ठावं हाय," तो म्हणाला. "मंग थांबव की."

मला त्याचा संताप आला, आणि लगेच रडू.

आणखी एक औषध होतं. ते एन्झाइमच्या वाटेला न जाता शेपटीचं टोकच झाकून टाकतं. त्याने ताप उतरू लागला, भावजयीने दोन घास भरवले. मग त्याच्या किडन्या निकामी व्हायला लागल्या आणि डॉक्टरांनी ते बंद केलं. त्यानंतरच्या औषधाला जंतूंनी दाद दिली नाही.

शेवटच्या दिवशी मी त्याचा हात धरून बसले होते. श्वास अडखळत होता. आत कुठला बंध तुटतोय, कुठला जुळतोय, हे मला पाठ होतं. दुपारी तो गेला. जंतूंच्या भिंतींचं बांधकाम त्यानंतरही बराच वेळ चालू राहिलं असणार.