चित्र सांगणाऱ्या दोघी

बाबांची नजर गेली तेव्हा घरात सगळ्यांत मोठी पंचाईत झाली ती पुस्तकांची. माणसांचं काय, आम्ही आवाजावरून ओळखू यायचो. मी तर जिना चढतानाच ओळखू यायचे, धापेवरून. पण कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली, टीव्हीच्या मागे आणि आईच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या छातीवर जी पुस्तकं होती, ती बहुतेक बघायची पुस्तकं. लेणी, स्तूप, परदेशातली चर्चं, चित्रकारांचे जाडजूड संग्रह, उघड्यावरची जुनी दगडी नाट्यगृहं. वाचायचं म्हणजे फक्त संस्कृत आणि ग्रीक नाटकांची भाषांतरं.

बाबा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशे काढायचे आणि रेघ चुकली तर दाढीच्या अर्ध्या ब्लेडने ती अशी खरवडायचे की कागदालाही कळू नये. मग ऑफिसात कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग बोर्ड जिन्याखाली गेले आणि बाबा घरी आले. त्याच सुमारास मला खराडीत नोकरी लागली. कॉम्प्युटरचीच. ज्याने एकाचं काम नेलं त्यानेच दुसरीला काम दिलं, यावर बाबा कधी अवाक्षर बोलले नाहीत. आईच एकदा म्हणाली, "बरंय, पगार घरातच राहिला."

घरी बसल्यावर बाबांचा पुस्तकांचा नाद वाढला. तेव्हा शहरात वजनावर परदेशी पुस्तकं विकणारी प्रदर्शनं भरायची. बाबा पिशवी खांद्यावर टाकून जायचे आणि एका बाजूला झुकून परत यायचे. कणीक आणायला सांगितली की यांचा खांदा दुखतो, असं आई शेजाऱ्यांना सांगायची.

मग काचबिंदू. कडेकडून दिसेनासं होत गेलं आणि बाबांना वाटत राहिलं की चष्म्याचा नंबर बदललाय. डॉक्टरांकडे गेलो तोवर उशीर झाला होता. शेवटी मधोमध एक नाण्याएवढा उजेड उरला होता, तोही गेला. त्यानंतर बरेच दिवस ते पुस्तक मांडीवर घेऊन नुसते बसायचे. मी तोवर खराडीलाच राहायला गेले होते. एका रविवारी भेटायला आले असताना ते पुस्तक त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "सांग."

मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. दुसऱ्यांच्या चुका शोधून त्या नीट शब्दांत मांडायचा मला पगार मिळतो. त्यामुळे हे आपल्याला सहज जमेल असं वाटलं.

"एक इमारत आहे," मी म्हटलं. "मोठी आहे. समोर खांब आहेत."

बाबा वाट बघत राहिले. माझं संपलं होतं.

"अगं, डोळे माझे गेलेत ना?" ते म्हणाले. "मग तुला का दिसत नाही?"

त्यांची एक पद्धत होती. आधी जमीन सांगायची. ड्राफ्ट्समन पहिली रेघ जमिनीची मारतो, बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं. मग जोतं, पायऱ्या, खांब, सावली कुठल्या बाजूला पडलीये ते. आणि 'सुंदर', 'भव्य' असलं काही म्हणायचं नाही, ते माझं मी ठरवेन, असं म्हणायचे. माझ्या तोंडात तर तेच शब्द यायचे. दोन-तीन रविवार त्यांनी सहन केलं, मग आईला हाक मारली.

आईने त्या पुस्तकांवरची धूळ आयुष्यभर झटकली होती, पण उघडलं त्यातलं एकही नव्हतं. तिने चष्मा लावला आणि पहिल्याच पानावर सुरुवात केली. जमीन कसली, फरशी आहे, आणि ती पुसलेली दिसत नाही. पायऱ्या इतक्या उंच की साडी नेसून चढायचं म्हणजे शिक्षाच. खांब एवढाले, पण कोनाडा एकही नाही, मग दिवा ठेवत कुठे असतील? बाबा उठून बसले. दिवा कुठे ठेवत असतील यावर त्यांचं जे व्याख्यान सुरू झालं, ते जेवणाची ताटं वाढली तरी चालू होतं.

तेव्हापासून रोज दुपारी दोघांचं ते काम झालं. मी ऑफिसातून फोन केला की मागून भांडण ऐकू यायचं. चित्रांच्या पुस्तकांत आई एकदा अडखळली.

"ही बाई," ती म्हणाली, "सर्दी होईल अशी बसलीये."

"म्हणजे अंगावर कपडे नाहीत?"

"असं मी म्हटलं का? पुढचं पान ऐका."

नाटकंही तीच वाचून दाखवायची, सगळ्या पात्रांना एकच आवाज. राजा फार वेळ शोक करायला लागला की मधेच थांबून विचारायची, अहो, याचं राज्य तोवर कोण बघतंय? बाबांनी तिला सांगितलं होतं की ग्रीक नाटकात मरण रंगमंचावर दाखवत नसत, कोणीतरी बघून आलेला माणूस येऊन ते सांगायचा. आईला ही रीत एकदम पसंत पडली. बाबांचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा दिसायला लागला होता. डोळे गेल्यावर प्रथमच.

एका सकाळी आई चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशी खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. मी खराडीहून, सगळं पुणं ओलांडून पोचले तेव्हा तिला हॉलमध्ये ठेवलं होतं. उशाशी मेणबत्ती, उदबत्ती. वंदना झाली. सगळं घर एका सुरात त्रिशरण म्हणत होतं आणि बाबा खुर्चीवर ताठ बसून होते, त्यांचे ओठही हलत नव्हते. कोणीतरी म्हणालं की त्यांचा हात धरून तिच्या चेहऱ्याला लावा. बाबांनी हात मागे घेतला. थंड लागेल, ते मला नको, म्हणाले. मग त्यांनी मला जवळ बसवलं.

"सांग."

"शांत झोपल्यासारखी दिसतेय, बाबा."

"ते मघापासून सगळेच सांगतायत. तू बघून सांग."

मी बघितलं. खूप वर्षांत तिच्याकडे इतकं नीट बघितलं नव्हतं.

"पांढरं पातळ आहे, बिनकाठाचं. मावशीने पदर डोक्यावरून घेतलाय."

"ती घ्यायची नाही. काढ तो."

मावशीने पदर खाली केला.

"केस मागे घेतलेत. भांगापाशी पांढरे, पुढे मेंदी अर्धी उतरलीये. उजव्या भुवईवर एक आठी आहे, उभी, बारीक."

"हं."

"तोंड जरा उघडं आहे. डावीकडे जास्त. काहीतरी बोलायचं असल्यासारखं..."

"असल्यासारखं नको गं," बाबा म्हणाले. "आहे ते सांग."

मी डोळे पुसले, कारण त्याशिवाय मला दिसत नव्हतं. वरचे दोन दात दिसतायत, मी सांगितलं. हनुवटीवर तीळ आहे, तिथला एक केस राहून गेलाय. कानात काही नाही, भोकं लांबट झालीयेत.

खाली गाडी येऊन उभी होती. शेजारचे काका दारातून आत आले, वाकून माझ्या कानाशी म्हणाले की आता निघायला हवं. बाबांना ते ऐकू गेलं. त्यांनी हात वर केला.

"थांबा जरा. अजून तिचे हात राहिलेत."

काका मागे सरले. मी फुलं बाजूला केली आणि सांगायला लागले.