चारशेची पंगत, तीन डबे

२०२३ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत झाली, पुढचं सगळं भट्टीसमोर शिकलो. नागपूरच्या इतवारीत एका आचाऱ्याच्या हाताखाली कांदे चिरायला लागलो आणि नंतर चाळीस वर्षं लग्नाच्या, बारशाच्या, तेरवीच्या पंगती माझ्या हातचं जेवून उठल्या. चारशे पानं म्हटली तरी मला घाम फुटत नसे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या साली माझी जी फजिती झाली ती याच घमेंडीपायी.

मुलगा कन्हानकडे खाणीत कामाला. पहिल्या पाळीला तो अंधारातच गाडी काढायचा. सून एका लॅबमध्ये रक्त तपासायची. मनीषनगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये दोन लेकरं, नात सहा वर्षांची, नातू तीन वर्षांचा. सुनेची नोकरी दीड वर्षापासून कच्चीच होती. दिवाळीनंतर तिच्या मॅडमनी तिला बसवून सांगितलं, की एक महिना बघते. रोज साडेआठला हजर पाहिजे. दोनदा उशीर झाला तर चालवून घेईन, तिसऱ्यांदा झाला तर दुसरी मुलगी ठेवीन. नाही झाला तर पक्कं करीन.

मुलगा इतवारीत माझ्या खोलीवर आला आणि म्हणाला, महिनाभर चला, तिच्या एकटीच्यानं सकाळ होत नाही. मी गेलो. पहिल्या संध्याकाळी सुनेनं मला सगळं समजावलं. साडेसातला नातीची बस, पावणेआठला नातवाला घेऊन स्कूटीवर निघायचं, वाटेत त्याला पाळणाघरात सोडायचं. नाश्ता आणि तीन डबे. मी हसलो. म्हणालो, बेटा, चारशे लोकांचा स्वयंपाक काढणारा माणूस मी, आणि तू मले तीन डब्यांचं सांगून राहिली.

ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचे चारशे लोक सोपे आहेत बाबा. ते भुकेजून येतात. त्याइले बूट-मोजे घालून द्या लागत नाही."

मला ते झोंबलं. मी म्हटलं, उद्या सकाळी तू स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी उपमा केला. आता चाळीस वर्षांचा हात काही एका रात्रीत लहान होत नाही. रव्याचा पुडा फोडला तो अख्खा गेला. मीठ मुठीनं पडलं. रवा फुगत गेला तसा एका गंजातून दुसऱ्या गंजात, दुसऱ्यातून कढईत. मी सराटा, म्हणजे उलथणं, घेऊन तिन्ही भांडी सांभाळत राहिलो आणि पंगत बसायची वाट बघत राहिलो. पंगत बसलीच नाही. नातू झोपलेला. नात एका पायात मोजा घालून सोफ्यावर बसलेली. सून आंघोळीहून आली तेव्हा साडेसात वाजून गेले होते, बस निघून गेली होती.

नातीला शाळेत सोडून सून लॅबमध्ये पोचली ती वीस मिनिटं उशिरा. दोनातला एक उशीर पहिल्याच दिवशी गेला, आणि तो माझ्यामुळं गेला. संध्याकाळी ती माझ्यावर रागावली नाही, आल्या आल्या कढई घासायला बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

उपमा मी वॉचमनला दिला, आणि मजल्यावरच्या चार घरांत ताटल्या भरून दिल्या. तिथं एक चांगलं झालं. ताटल्या परत आल्या त्या रिकाम्या आल्या नाहीत. कोणी शंकरपाळे घालून दिले, कोणी लाडू. एक बाई दारात हसत म्हणाली, काकाजी, लग्न होतं का घरी, आम्हाले बोलावलं नाही. मी म्हटलं, उपम्याचंच लग्न होतं.

त्या संध्याकाळी मी आचाऱ्यासारखा विचार करायला बसलो. आमच्या धंद्यात एक नेम असतो. सगळं चिरून, निवडून, मोजून समोर मांडल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. इथं मी आधी गॅस पेटवला आणि मग मिरच्या शोधल्या. सून म्हणाली, भाजी आता चिरून फ्रिजमध्ये ठेवते. मी अडलो. आदल्या दिवशी चिरलेली भाजी मी पानात वाढत नाही म्हणालो.

"मग लग्नात सकाळी नऊला जेवण तयार राहायचं," तिनं विचारलं, "तेव्हा कांदे केव्हा चिरायचे तुम्ही?"

मी म्हटलं, आदल्या संध्याकाळी. आणि सुरी उचलली.

तेव्हापासून संध्याकाळचा चहा झाला की आम्ही दोघं टेबलावर बसायचो. फरसबी, गाजर धुऊन, आधी पुसून कोरडं करायचं आणि मग चिरायचं. ओलं चिरलं की सकाळपर्यंत पाणी सुटतं. डब्याच्या तळाशी फडकं घालायचं. कणीक थोडी घट्ट भिजवायची आणि वरून तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे काळी पडत नाही. रवा रविवारी एकदाच भाजून बरणीत भरायचा, पंधरा दिवस उपम्याची चिंता नाही. मोजायला मी माझी मूठ सोडून दिली आणि नातवाची दुधाची वाटी धरली. माणशी अर्धी वाटी रवा. बाजारातून भाजीचे दोन प्लास्टिकचे क्रेट आणून दाराशी ठेवले, एकेका लेकराचा एकेक. बूट, बुटातच मोजे, पाण्याची बाटली, दप्तर, सगळं संध्याकाळीच त्यात. घरातून बाहेर जाणारी वस्तू क्रेटच्या बाहेर दिसली की मी ओरडायचो. नात मला हवालदार म्हणायला लागली.

घड्याळ लहान लेकरांना कळत नाही. सहा चाळीस म्हणजे काय ते त्यांना कसं समजणार. पण कुकरची शिट्टी कळते. मी ठरवून टाकलं. पहिल्या शिट्टीला उठायचं, दुसरीला दात घासायचे, तिसरीला टेबलावर. तीन दिवसांत दोघं असे सरळ झाले, की सून बघतच राहिली. मी काही न झाल्यासारखं तोंड करून डाळ घोटत होतो.

नातू मात्र जेवायला नकार द्यायचा. तोंड घट्ट मिटून बसायचा, आणि त्याच्या आईची दहा मिनिटं त्यातच जायची. पंगतीत असलं एखादं लेकरू नेहमी असतं. त्याला आम्ही जेव म्हणत नसू. त्याच्या हातात मिठाची वाटी द्यायची, जा रे वाढून ये. पानात पहिलं मीठच वाढतात, आणि ते वाढताना लेकराला वाटतं सगळी पंगत आपल्याच भरवशावर आहे. मी तेच केलं. तो सगळ्यांच्या ताटात चिमूट टाकत फिरला, मग आपल्या ताटाशी आला आणि मालकासारखा जेवला. मात्र वाटीत चमचाभरच मीठ ठेवायचं. पहिल्या दिवशी मी भरून दिली होती आणि आईच्या चहातही मीठ गेलं.

दुसरा उशीर अकराव्या दिवशी झाला. बूट घालून, दप्तर लावून दारात उभी असताना नात म्हणाली, आज पिंपळाची पाच पानं न्यायची आहेत. मी कॉलनीभर पिंपळ शोधत फिरलो. पानं मिळाली, बस गेली. सून पुन्हा स्कूटी घेऊन शाळेकडे, तिथून पाळणाघराकडे, आणि लॅबमध्ये दहा मिनिटं उशिरा. आता एकही उशीर शिल्लक नव्हता. त्या दिवसापासून रात्री पानावर बसल्याबरोबर मी पहिला प्रश्न हाच विचारायचो, उद्या शाळेत काय न्यायचं. झोपताना विचारू नये. तेव्हा लेकरांना काहीच आठवत नाही आणि दुकानंही बंद झालेली असतात.

सत्ताविसाव्या दिवशी कुकर चढवला आणि पाच मिनिटांत गॅस संपला. दुसरा सिलिंडर रिकामा, नंबर लावलेला पण आलेला नाही. शिट्टी झाली नाही, म्हणून लेकरं उठली नाहीत. सून दारात आली, विझलेली शेगडी बघितली आणि भिंतीला टेकली.

"गेली बाबा नोकरी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आग गेली, आचारी गेला नाही. तू केस विंचर."

आधी लेकरं. मी त्यांच्या खोलीच्या दारात उभा राहून तोंडानं कुकरसारखा सूंऽऽ आवाज काढला. नात हसत उठली. नातू डोळे मिटूनच म्हणाला, "आबाजी, ही खरी शिट्टी नाही होय." मग मी आणखी जोरानं काढली, खोकला येईपर्यंत. तो उठला, स्वतःच एक शिट्टी काढली आणि दात घासायला पळाला.

डब्यांना मी कच्चा चिवडा केला. नागपुरात त्याला आग लागतच नाही. मुरमुरे, फुटाणे, फल्लीदाणे, वरून कच्चं तेल, मीठ, सुनेच्या डब्यात तिखट, लेकरांच्या डब्यात नाही. कांदा आणि बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर, छोट्या डबीत वेगळा, खाताना मिसळायचा, नाहीतर मुरमुरे दुपारपर्यंत मऊ पडतात. रात्रीच्या पोळ्या होत्या, त्या कुस्करून गूळ-तूप घालून लाडू वळले, तोच नाश्ता. नातू लाडूलाही मीठ वाढायला निघाला होता, त्याला अडवलं. सात वाजून चाळीस मिनिटांनी सून स्कूटीवर बसली. पाच मिनिटं आधी. मी गॅलरीतून बघत होतो. तिनं वर बघून हात केला, मी केला नाही, माझे हात गुळानं भरलेले होते.

तिसाव्या दिवशी ती घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि म्हणाली, "बाबा, पक्कं झालं."

मला फार आनंद झाला. मी विचारलं, "म्हणजे उद्याही साडेआठच ना?"

ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. मुलानं शेजारच्या चारही घरांत बर्फी वाटली. तेव्हाच एक बाई म्हणाली, काकाजी, तुमच्या या युक्त्या लिहून द्या, आमचीही लेकरं लहान आहेत. म्हणून हे लिहिलं. पण मी जेवताना वेगळाच विचार करत होतो. आता एक महिना नव्हता, वर्षानुवर्षं जायचं होतं, आणि माझे गुडघे किती वर्षं पुरणार ते मला ठाऊक होतं. हाताखालच्या माणसाला भट्टी सोपवताना आचाऱ्यानं मंडपात राहायचं, पण झारा धरायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि पाहुण्यासारखा टेबलाशी जाऊन बसलो. हात मांडीखाली दाबून धरले. सून एकदा माझ्याकडे बघून समजली. तिनं सांबार जाड चिरला, मी हात आणखी आत सरकवले. तिनं फोडणीत मोहरी उशिरा टाकली, मी खिडकीबाहेर बघितलं. बस वेळेवर गेली, स्कूटी वेळेवर गेली. मग मी तिनं झाकून ठेवलेली ताटली उघडली. चाळीस वर्षं मी सगळ्यांच्या शेवटी, गार झालेलं जेवलो होतो. त्या सकाळी उपम्यातून वाफ येत होती, आणि तो मी बसून, हळूहळू, गरम असतानाच खाल्ला.