कांताबाईची मूठ

बाभुळगावच्या समाजमंदिरात त्या दिवशी म्हाताऱ्या माणसांच्या हातातली ताकद आणि कातडीचं तापमान मोजत होते. कापसाचा भाव पडला होता, तरी वेचणी थांबली नव्हती. कांताबाईची उभी हयात वेचणीत गेली होती. पण सून उर्वशीने बजावलं होतं, "मशीन ठीक म्हणंल तरच उद्या वावरात या."

पाहुण्याघरी जावं तसे कांताबाईने रांजणाच्या गार पाण्याने हात धुतले आणि खुर्चीवर बसली. नुजहत डॉक्टरीणबाईंनी तळव्याला बारीक वायर चिकटवली. हात गारठलेला निघाला. मग घड्याळासारखा काटा असलेली लोखंडी मूठ देऊन त्या म्हणाल्या, "आजी, दाबा."

कांताबाईने बोंड धरावं तशी ती अलगद धरली. बोंड दाबलं की पाला चुरून कापसात मिसळतो, हे तिच्या बोटांत मुरलेलं. काटा जेमतेम हलला.

"ताकद फारच कमी आहे," डॉक्टरीणबाई हळहळल्या.

कांताबाई गोंधळली. सकाळी दोन पितळी गुंड भरून पाणी तिनेच आणलं होतं.

घरी येताच निकाल ऐकून उर्वशीने तिच्या खांद्यावरची ओटी, कापूस वेचायची झोळी, ओढली. "आत्याबाई, आता घरीच बसा."

कांताबाईने दुसरं टोक धरलं. उर्वशीने दोन्ही हातांनी हिसका दिला, तरी ओटी सुटेना.

"अवो, हे ताकद तिथं काहून नाही दाखोली?"

"मले काय माईत? कापूस धरतो तसंच धरलं म्या. मशीन दाबाची असते काय?" कांताबाई खरंच विचारत होती. "मंग उद्या येऊ ना?"

उर्वशी हसू लागली. "या. पण आधी ओटी सोडा, फाटंल."